विद्यार्थी-समुपदेशनाचे फलित कसे पडताळावे

प्राथमिक शाळेत समुपदेशन हा शब्द नवा वाटला, तरी काम जुने आहे. शाळेस येण्यास कचरणाऱ्या मुलाला जवळ बसवून त्याची अडचण जाणून घेणे, मुलीची शाळा सुटू नये म्हणून पालकांच्या घरी जाणे, हे गावोगावचे शिक्षक पूर्वापार करीत आले आहेत. 1964 ते 1966 या काळातील कोठारी आयोगाने मार्गदर्शनाचा आरंभ प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तेपासूनच व्हावा, असे सुचविले होते. पुढे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 24 ने पालकांना नियमित भेटून मुलाची उपस्थिती व प्रगती कळविणे हे शिक्षकाचे कर्तव्यच ठरविले. मात्र या कामाचा गुण आला किंवा नाही, हे कशाच्या आधारे सांगावयाचे?

पालकभेटी किती झाल्या, मेळावे किती भरले, एवढेच बहुधा अहवालांत लिहिलेले असते. हा श्रमाचा हिशेब झाला. तो ठेवावा, परंतु त्यास फलित म्हणता येत नाही. फलित मुलाच्या वर्तनात पाहावयाचे असते. त्यासाठी समुपदेशन सुरू करण्यापूर्वीच अडचण नेमक्या शब्दांत नोंदविणे अवश्य आहे. 'मुलगा अनियमित आहे' या वाक्यावरून पुढे काहीच ताडता येत नाही. 'जूनमध्ये शाळा भरलेल्या दिवसांपैकी इतके दिवस हजर. गैरहजेरी बहुतेक आठवड्याच्या बाजारादिवशी' अशी नोंद असल्यास तीन महिन्यांनी हजेरीपट उघडून उत्तर मिळते.

भोर व वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांत येथे एक मोठी फसगत संभवते. आषाढ-श्रावणात भाताची लावणी चालू असते, ओढे भरून वाहतात, वाड्यावस्त्यांवरील मुलांची पायवाट बंद पडते. साहजिकच जुलैमध्ये उपस्थिती घटते आणि पाऊस ओसरताच ती आपोआप सुधारते. जुलैचे आकडे डिसेंबरच्या आकड्यांशी ताडून 'समुपदेशनाने उपस्थिती वाढली' असे लिहिणे म्हणजे पावसाचे श्रेय आपल्याकडे घेणे होय. यास्तव या जुलैची तुलना मागील जुलैशी करावी. शक्य तर त्याच वस्तीवरील, ज्यांना समुपदेशन दिलेले नाही, अशा मुलांची उपस्थितीही शेजारी मांडावी. सर्वच मुलांची सारखी वाढली असेल, तर कारण अन्यत्र शोधावे लागेल. दुसरेही एक ध्यानात ठेवावे. मूल अगदी खचलेले असतानाच बहुधा शिक्षकाचे लक्ष त्याच्याकडे जाते. त्यातील काही मुले कोणी काही न करताही थोड्या दिवसांत सावरतात. म्हणून एका आठवड्याच्या सुधारणेवर विसंबू नये.

लहान शाळांतून टक्केवारी काढण्याचा आग्रहही व्यर्थ होय. समजा, पटावर बारा मुले आहेत आणि तिघांना समुपदेशन दिले. दोघे सुधारले, म्हणजे 66 टक्के यश, असे लिहिण्यापेक्षा तिघांची तीन टिपणे अधिक खरी माहिती देतील.

सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते गावची शाळा संपल्यानंतरच्या वर्षाकडे. मुलीने शाळा सोडल्याचा दाखला नेला, की पटावरील तिचे नाव संपते आणि काम फत्ते झाल्याचे मानले जाते. वस्तुतः दाखला नेणे आणि पुढील शाळेत बसणे यांत कित्येक मैलांचा डोंगर असू शकतो. तिला पुढे शिकविण्याविषयी पालकांशी बोलणे झाले असेल, तर त्याचे फलित पुढील शाळेच्या हजेरीपटावरच दिसेल. दिवाळीपूर्वी एकदा व वर्षअखेरीस पुन्हा तेथील मुख्याध्यापकांकडे विचारणा करावी. नाव असून मूल गैरहजर असेल, तर तेही जसेच्या तसे लिहावे.

हा हिशेब शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवणे योग्यच आहे. तथापि तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक, म्हणजे शेजारीच असतात. नाव गाळल्याने गुप्तता राहते, हा समज लहान गावात टिकत नाही. चौथीत एकच मुलगी असेल, तर 'चौथीतील एक मुलगी' म्हणजे तिचे नावच होय. समितीस केवळ एकूण संख्या द्यावी. टिपणे मुख्याध्यापकांजवळ कुलपात असावीत. लैंगिक अत्याचाराची शंका येईल तेथे मात्र टिपणे करीत थांबू नये; 2012 च्या पॉक्सो कायद्यान्वये पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. बालकांसाठीचा 1098 हा दूरध्वनी क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मुलांना वाचता येईल अशा उंचीवर लिहावा.

तीन महिन्यांनंतरही ज्याच्यात फरक नाही, त्याचे टिपण अहवालातून वगळण्याचा मोह होतो. वास्तविक केंद्रप्रमुखांनी प्रथम तेच मागून घ्यावे, कारण त्या मुलासाठी दुसरा उपाय शोधावयाचा राहिलेला असतो.