कृत्रिम माशीचा गळ : एका कलेच्या शिक्षणाचे मोल आणि तिची परिभाषा

१४९६ साली विंकिन द वर्ड या मुद्रकाने वेस्टमिन्स्टर येथे ‘बुक ऑफ सेंट ऑल्बन्स’ या ग्रंथाची नवी आवृत्ती काढली. शिकार, ससाण्यांची निगा, कुलचिन्हे असे सरदारवर्गाचे विषय असलेल्या या ग्रंथात गळाने मासे धरण्याविषयीचा एक निबंध त्याने नव्याने घातला. परंपरेने हा निबंध ज्युलियाना बर्नर्स नावाच्या मठवासिनीच्या नावावर मोडतो. तिच्या कर्तृत्वाचा पुरावा मात्र दुबळा आहे. पिसे आणि लोकर यांपासून करावयाच्या बारा कृत्रिम माश्यांची कृती त्यात दिली आहे. त्याहून लक्षणीय आहे तो त्याचा समारोप. निबंध स्वतंत्र लहान पुस्तिकेच्या रूपाने छापला असता तर तो कोणाही रिकामटेकड्याच्या हाती पडला असता आणि अशा लोकांनी हा खेळ नासविला असता. म्हणून तो मोठ्या ग्रंथात गोवला आहे, असे तेथे स्पष्टच म्हटले आहे. विद्येचे रक्षण करावयाचे तर तिची किंमत चढी ठेवावी, हा विचार इतक्या उघडपणे क्वचितच मांडला गेला असेल. पुढे त्याच मुद्रकाने हा निबंध स्वतंत्रपणे छापला, हा भाग निराळा.

फ्लाय-फिशिंग ही कला महाग का, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः साधनांत शोधले जाते. ते अंशतः खरे आहे. बांबूच्या चिरफळ्या जोडून हाताने घडविलेली काठी ही श्रीमंतांचीच वस्तू होती. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंच्या काठ्या यंत्रावर निघू लागल्या आणि ती अडचण पुष्कळशी दूर झाली. शिक्षणाची अडचण मात्र राहिली. आणि ती कलेच्या स्वरूपातच आहे.

कोकणात गरीने मासे धरण्यास ‘गरवणे’ म्हणतात. गरीला शिसे बांधले की फेकले जाते ते शिसे, आणि दोर त्यामागून जातो. दगड भिरकावता येणाऱ्यास ही क्रिया निराळी शिकवावी लागत नाही. कृत्रिम माशीला वजन जवळजवळ नसते. (‘माशी’ आणि ‘मासा’ या शब्दांचे साम्य येथे फसवे आहे, एक ‘मक्षिका’पासून आला, दुसरा ‘मत्स्य’पासून.) येथे वजन असते ते दोरालाच, फेकावयाचा असतो तो दोर, आणि माशी त्याच्या टोकाशी नुसती ओढली जाते. त्यासाठी दोर आधी पाठीमागे पूर्ण उलगडला पाहिजे, त्याच्या ओढीने काठी वाकली पाहिजे, आणि मग ती एकाएकी थांबविली पाहिजे. शिकाऊ माणसाला पाठीमागचा दोर दिसत नाही. तो घाई करतो. दोर जवळ पडला की तो अधिक जोर लावतो. त्यामुळे काठीचे टोक सरळ रेषेत न जाता कमानीत फिरते, दोराचा फास रुंद होतो आणि फेक आणखीच फसते. शरीराची सहजबुद्धीच येथे आड येते.

आयझॅक वॉल्टनला ही अडचण ठाऊक होती. त्याचा ‘कंप्लीट अँगलर’ १६५३ साली अठरा पेन्सना विकला जात होता. म्हणजे ग्रंथ आता सरदारांपुरता राहिला नव्हता. परंतु वाचकाला केवळ पुस्तकाने गळकरी बनविणे हे पुस्तकाने तलवारबाजी शिकविण्याहूनही अवघड आहे, अशी कबुली त्याने प्रस्तावनेतच दिली. माशीच्या गळाचे सविस्तर विवेचनही त्याचे नव्हे. १६७६ च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटनने ते जोडले. पुस्तक स्वस्त झाले, पण शिक्षण झाले नाही. कारण हाताला जे समजते त्याला भाषेत नावे नव्हती. ज्याला नाव नाही ते दाखवावे लागते, आणि दाखवावयास जाणता मनुष्य एकेका शिष्याजवळ उभा राहावा लागतो. ही चैन थोड्यांनाच परवडणार.

घड्याळाच्या तबकडीचे रूपक हा नावे देण्याचा एक जुना प्रयत्न होय. काठी दहाच्या आकड्यापासून एकच्या आकड्यापर्यंत न्यावी, असे ते सांगते. त्याने स्थान कळते, वेग कळत नाही. शिवाय दोर लांब सोडला की कंसही वाढवावा लागतो, हे तबकडी सांगत नाही. जोन वुल्फ यांनी १९८७ च्या आपल्या पुस्तकात एकाच हालचालीचे दोन भाग वेगळे केले : काठीवर भार चढविणारा सावकाश आरंभ आणि त्यानंतरचा आखूड, जोरकस झटका. प्रत्येकास स्वतंत्र संज्ञा मिळाल्यामुळे फेक फसली तर कोणता भाग फसला हे बोलून दाखविता येऊ लागले. १९९० मध्ये जे आणि बिल गॅमेल यांनी चांगल्या फेकीची पाच आवश्यक तत्त्वे एका पुस्तिकेत मांडली. १४९६ मध्ये जिची धास्ती वाटली होती तशीच ही लहान पुस्तिका! १९६५ साली स्थापन झालेल्या ‘फेडरेशन ऑफ फ्लाय फिशर्स’ या अमेरिकन संघटनेने १९९२ पासून शिक्षकांची परीक्षा घेण्यास आरंभ केला. परीक्षा घ्यावयाची तर परीक्षक आणि परीक्षार्थी यांची परिभाषा एकच असावी लागते, हे निराळे सांगावयास नको.

संज्ञा स्थिर झाल्या की एका शिक्षकाला वीस जणांना एकदम शिकविता येते, आणि त्यासाठी नदीही लागत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट उद्यानातील फेकीचे हौद १९३० नंतरच्या मंदीत सरकारी रोजगार योजनेतून बांधले गेले. त्यांत मासे नाहीत. तेथील १९३३ साली स्थापन झालेला क्लब नवशिक्यांना विनामूल्य धडे देतो. हौदही नसेल तर गवताळ मैदान पुरते. आकड्याऐवजी दोराच्या टोकाला लोकरीचा तुकडा बांधला की कोणाला इजाही होत नाही.

धडा असा स्वस्त झाला तरी पाणी स्वस्त होतेच असे नाही. इंग्लंडात नदीतील मासेमारीचा हक्क बहुधा काठच्या जमिनीच्या मालकीशी निगडित असतो, आणि हॅम्पशरमधील टेस्ट नदीच्या काठी एक दिवस उभे राहावयासही भरपूर पैसे मोजावे लागतात. ब्रिस्टलजवळचा ब्लॅगडन जलाशय १९०४ मध्ये ट्राउटच्या गळासाठी खुला झाला, तेव्हापासून दिवसाचे तिकीट काढणाऱ्यांना अशा धरणांचा आधार आहे. मैदानावर शिकलेला नवखा मनुष्य प्रथम तेथेच जातो.