मागील लिलावांच्या नोंदी आणि सोयाबीनची विक्री

ऑगस्ट २०२१ च्या प्रारंभी महाराष्ट्रातील काही बाजारांत सोयाबीनच्या भावाने क्विंटलमागे १०,००० रुपयांची मर्यादा ओलांडली. हा आकडा शेतकऱ्यांच्या मनात घर करून बसला. त्याच्या भरवशावर पुढील हंगामांत अनेकांनी पोत्यांच्या थप्प्या घरात राखून ठेवल्या. परंतु २०२४ च्या खरीप हंगामात ४,८९२ रुपये आधारभूत किंमत जाहीर झालेली असतानाही अनेक बाजारांत सर्वसाधारण दर तिच्याही खाली राहिला. १०,००० चा आकडा खोटा नव्हता. त्याच्या शेजारचा आवकेचा आकडा मात्र फारसा कोणी वाचला नाही.

ऑगस्ट महिन्यात नवे पीक शेतात उभे असते आणि जुना माल बहुतेक शेतकऱ्यांच्या हातून गेलेला असतो. त्या वेळी बाजारात येणारी आवक तुरळक असते. त्याच महिन्यात केंद्र शासनाने १२ लाख टन सोयापेंड आयात करण्यास परवानगी दिली. पुढे ऑक्टोबरमध्ये नवा माल बाजारात येऊ लागला, तेव्हा दर निम्म्याच्या आसपास उतरले होते. म्हणजे ज्या भावाची आठवण राहिली, त्या भावाने फार थोड्यांचा माल विकला गेला होता. मागील लिलावांच्या नोंदींचा अभ्यास करावयाचा तो अशी फसगत टाळण्यासाठी.

नोंदी कोठे मिळतात?

राष्ट्रीय कृषी बाजार, म्हणजेच ई-नाम, ही ऑनलाइन लिलावाची व्यवस्था १४ एप्रिल २०१६ रोजी ८ राज्यांतील २१ बाजारांत सुरू झाली. आता देशातील १,५०० हून अधिक बाजार तिला जोडलेले आहेत. प्रवेशद्वारावर मालाची नोंद होते, प्रत्येक ढिगास क्रमांक मिळतो, नमुन्याची तपासणी होते व नंतर व्यापारी संगणकावर किंवा मोबाइलवर बोली लावतात. या व्यवहारांची तारीखवार माहिती ई-नामच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळते. ज्या बाजारांत अद्याप उघड लिलाव होतात, तेथील दैनिक आवक व दर महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असतात.

नोंद कशी वाचावी?

नोंदीत किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन दर आणि आवक दिलेली असते. कमाल दर हा अनेकदा एखाद्या निवडक ढिगाचा किंवा मुहूर्ताच्या सौद्याचा असतो. त्यावर हिशेब मांडणे धोक्याचे होय. सर्वसाधारण दर म्हणजे ज्या भावाने बहुतांश माल विकला गेला तो दर. शेतकऱ्याने आपली अपेक्षा याच दरावर बेतावी.

एका वर्षाच्या नोंदीवर विसंबू नये. जवळच्या दोन-तीन बाजारांचे निदान पाच वर्षांतील त्याच पंधरवड्याचे दर व आवक एका वहीत उतरून घ्यावी. आवक वाढताच दर किती उतरतो आणि दिवाळीनंतर किती सावरतो, हे ताळेबंदासारखे स्पष्ट दिसू लागते. कोणत्या वर्षी दर सावरलाच नाही, तेही त्यात दिसते.

ढीग मांडण्यापूर्वी

दर आणि मालाची प्रत यांचा संबंध समजण्यासाठी गावातील शेतकऱ्यांनी आपल्या विक्रीच्या पट्ट्या व नमुना तपासणीचे अहवाल एकत्र ठेवून ताडून पाहावेत. एकाच दिवशी, एकाच बाजारात कोणत्या मालास किती भाव मिळाला, हे त्यावरून कळते.

समजा, एखाद्याजवळ १५ टक्के ओलाव्याचे २० क्विंटल सोयाबीन आहे व त्यास ४,००० रुपये दर मिळू शकतो. म्हणजे ८०,००० रुपये हाती येतील. तो माल १२ टक्क्यांपर्यंत वाळविल्यास वजन सुमारे १९.३२ क्विंटल भरेल. तेव्हा वाळलेल्या मालास ४,१४१ रुपयांहून अधिक दर मिळाला, तरच वजनातील घट भरून निघते. वाळविण्याची मजुरी वेगळी. पट्ट्यांत दोन प्रतींमधील फरक याहून मोठा दिसत असेल, तर माल वाळवून नेणे हितावह. नसेल तर ती मेहनत व्यर्थ ठरते.

जुना व नवा, डागी व स्वच्छ माल एकाच ढिगात मिसळू नये. मिश्र ढिगास बहुधा त्यातील हलक्या मालाचा भाव मिळतो.

किती भावास होकार द्यावा?

ऑनलाइन लिलावात अंतिम बोली पटली नाही, तर ती नाकारण्याचा अधिकार शेतकऱ्यास आहे. परंतु नकार देण्यापूर्वी थांबण्याचा खर्च ठाऊक हवा. पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत सोयाबीनच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम १८० दिवसांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. वरील ८०,००० रुपयांच्या मालावर ६०,००० रुपये घेतल्यास पूर्ण मुदतीचे व्याज सुमारे १,७७५ रुपये, म्हणजे क्विंटलमागे ८९ रुपये होते. त्यात वाहतूक, हमाली व साठवणीतील घट मिळवावी. मागील पाच वर्षांपैकी बहुतेक वर्षांत दर या बेरजेपेक्षा अधिक चढला असेल, तर काही माल राखून ठेवण्यास आधार आहे. तरीही सर्व माल राखू नये. देणी भागतील इतका माल प्रथम विकावा व उरलेला टप्प्याटप्प्याने बाजारात न्यावा.

ग्राम कार्यकर्त्यांचे काम

मळणीपूर्वी महिनाभर आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर पाच वर्षांचा तक्ता लावावा. त्यात दराबरोबर आवकेचा रकाना अवश्य असावा. चावडीवर तो एकदा मोठ्याने वाचून दाखवावा, कारण ज्यांना मोबाइलवरील आकडे वाचता येत नाहीत, त्यांचेच नुकसान अधिक होते. शेतकरी उत्पादक कंपनी असल्यास एप्रिल २०२० पासून उपलब्ध असलेल्या सोयीनुसार तिला आपल्या संकलन केंद्रावरूनच मालाचे छायाचित्र व प्रतीची माहिती ई-नामवर देता येते. हा मार्गही सभासदांस समजावून सांगावा.

मागील नोंदी उद्याचा भाव सांगत नाहीत. पाऊस, आयात व शासनाचे निर्णय यांनी तो बदलतो. परंतु कोणता भाव नित्याचा व कोणता क्वचित येणारा, एवढे त्या निश्चित सांगतात. हे ज्यास ठाऊक आहे, तो शेतकरी लिलावात घाईने होकार देत नाही, आणि न येणाऱ्या भावाची वाट पाहत घरातील पोत्यांना कीडही लागू देत नाही.