पावसाच्या आकड्यांवरून माहितीफलक

भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांत घाटाकडे पाऊस भरपूर, तर पूर्वेकडे तो झपाट्याने कमी होतो. म्हणून तालुक्याच्या सरासरीवर भातलावणी ठरवू नये. संगणकावर माहितीफलक, म्हणजेच डॅशबोर्ड, करण्याचा सराव करणाऱ्या तरुणांनी कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावरील मंडळनिहाय पावसाचे आकडे घ्यावेत. प्रथम प्रश्न ठरवावा: रोपे २१ ते २५ दिवसांची होईतो चिखलणीपुरता पाऊस झाला का? प्रत्येक मंडळाचा स्तंभालेख वेगळा काढावा, मात्र सर्वांचे प्रमाण एकच ठेवावे. २.५ मि.मी. किंवा अधिक पाऊस झालेला दिवसच पावसाचा दिवस धरावा. नोंद नसल्यास शून्य लिहू नये, जागा रिकामी ठेवावी. येथेच बहुतेकजण चुकतात. फलक शेजारच्या शेतकऱ्यास दाखवावा. त्यास तो न समजल्यास आलेख पुन्हा काढावा.