मागाविना लोकर

लोकरीचे कापड गरम पाण्यात साबण लावून चोळले की ते आटते, दाट होते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. घरगुती धुलाईत दोष ठरणाऱ्या याच गुणधर्माच्या आधारे मध्य आशियातील पशुपालकांनी किमान अडीच हजार वर्षे आपली राहुट्यांची आच्छादने, अंथरुणे, खोगिरांखालचे पट आणि टोप्या तयार केल्या. सूत न कातता आणि माग न लावता, केवळ लोकरीचे सुटे तंतू ओलावा, उष्णता आणि दाब यांच्या साहाय्याने एकमेकांत गुंतवून जो जाड पट तयार होतो, त्याला नमदा म्हणतात. वस्त्रविद्येच्या इतिहासात विणकामाला जे मानाचे स्थान मिळाले ते नमद्याला क्वचितच मिळाले. वास्तविक लोकर या पदार्थाचे जितके नेमके ज्ञान नमदा करणाऱ्याला लागते, तितके विणकरालाही लागत नाही.

हे ज्ञान तंतूच्या रचनेचे आहे. मेंढीच्या लोकरीचा तंतू केराटिन या प्रथिनाचा बनलेला असून त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले कौलांप्रमाणे एकावर एक रचलेले असतात आणि त्यांची मोकळी कड तंतूच्या टोकाकडे असते. त्यामुळे मुळाकडून टोकाकडे बोट फिरवले असता तंतू गुळगुळीत लागतो, तर उलट दिशेने खरखरीत लागतो. गरम पाण्याने तंतू फुगतात व लवचीक होतात, साबणाच्या अल्कधर्मी द्रावणाने खवले अधिक उघडतात, आणि मग घासण्याने किंवा लाटण्याने प्रत्येक तंतू मुळाच्या दिशेने थोडा थोडा सरकू लागतो; मागे फिरणे मात्र त्याला खवल्यांमुळे कठीण जाते. असे असंख्य तंतू निरनिराळ्या दिशांनी सरकत एकमेकांत अडकले की जो पट तयार होतो, त्यात ताणा नसतो, बाणा नसतो आणि उसवण्याजोगा धागाही नसतो. म्हणूनच नमदा कात्रीने कोठेही कापला तरी त्याच्या कडा सुटत नाहीत. कापसाच्या तंतूवर असे खवले नसल्याने निव्वळ कापसाचा नमदा होत नाही, आणि लोकरीत कापूस जितका जास्त मिसळावा तितका नमदा कमकुवत होतो.

नमद्यासारखी सेंद्रिय वस्तू जमिनीत सहसा टिकत नाही. परंतु दक्षिण सायबेरियातील अल्ताई पर्वतात पाझिरिक येथील दफनटेकड्यांमध्ये शिरलेले पाणी गोठले आणि त्या बर्फाने आतील वस्तू जतन केल्या. सर्गेई रुदेन्को यांनी 1929 मध्ये आणि पुढे 1947 ते 1949 या काळात केलेल्या उत्खननांत या इसवी सनापूर्वीच्या थडग्यांमधून नमद्याची खोगीर-आच्छादने मिळाली, नमद्याचे शिवलेले हंस मिळाले, आणि सुमारे साडेचार मीटर रुंद व साडेसहा मीटर लांब असा भव्य भिंतपटही मिळाला. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयातील या पटावर आसनस्थ देवतेसमोर उभा असलेला घोडेस्वार वारंवार चितारलेला असून आकृत्या रंगीत नमद्याचे तुकडे कापून पायावर शिवलेल्या आहेत. हे काम पाहिल्यावर नमदा म्हणजे भटक्यांची ओबडधोबड सोय, ही समजूत टिकू शकत नाही.

त्या परंपरेची जिवंत शाखा आजच्या किरगिझस्तानात आहे. तेथील आला-कीयीझ या प्रकारात गवताच्या काड्यांच्या चटईवर लोकरीचा थर पसरून त्यावर रंगवलेल्या लोकरीची नक्षी मांडतात, गरम पाणी शिंपडून चटईसकट सारे गुंडाळतात आणि ती गुंडाळी दोरीने ओढत, पायांनी दाबत दीर्घकाळ फिरवतात. नक्षी आणि पाया एकाच वेळी एकजीव होत असल्याने तिच्या कडा किंचित विरघळल्यासारख्या दिसतात. शिरदाक या प्रकारात याउलट दोन रंगांचे तयार नमदे एकावर एक ठेवून नक्षी एकदमच कापतात आणि एका रंगाची आकृती दुसऱ्या रंगाच्या पोकळीत बसवून शिवतात. अशा रीतीने एकाच कापणीतून परस्परांच्या उलट रंगसंगतीचे दोन पट मिळतात आणि तुकडाही वाया जात नाही. मेंढ्याच्या शिंगाचे वळण हा या नक्षीचा लाडका आकार आहे. हे काम बहुधा स्त्रिया एकत्र बसून करतात आणि ते आईकडून मुलीकडे जाते. परंतु मेंढीपालन व घरांची रचना यांतील बदल आणि स्वस्त कारखानी गालिचे या साऱ्यांचा परिणाम होऊन युनेस्कोला 2012 मध्ये हे दोन्ही प्रकार तातडीने जपणूक आवश्यक असलेल्या अमूर्त वारशाच्या यादीत घालावे लागले. भारतात काश्मीर, कच्छ आणि राजस्थानातील टोंक येथे नमदा होतो. काश्मिरी नमद्यावर आरीने साखळी टाक्याचे भरतकाम करतात.

माग न वापरणारी लोकरीची दुसरी कला म्हणजे आकड्याने फासे ओढून गालिचा भरणे; ती वयाने बरीच लहान आहे आणि तिचा जन्म उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर गरिबीतून झाला. या कलेत चौकटीवर ताणलेल्या गोणपाटाखाली जुन्या लोकरी कपड्याची पट्टी किंवा लोकरीचे सूत धरून, टोकाला आकडा असलेल्या हत्याराने ते विणीच्या छिद्रांतून वर ओढतात आणि लहान लहान फाश्यांच्या ओळींनी पृष्ठभाग भरून काढतात. कोठेही गाठ मारलेली नसते. दाटीने बसवलेले फासे परस्परांच्या आणि गोणपाटाच्या दाबानेच जागी राहतात. लोकर दाबली तरी पुन्हा उभी राहते आणि रंग चांगला धरते, म्हणून पायाखालच्या वस्तूला ती विशेष मानवते.

या कलेला गोणपाट मिळाला कोठून, हा प्रश्न भारतीय वाचकाला थेट बंगालपर्यंत नेतो. बंगालचा ताग स्कॉटलंडमधील डंडी शहरी जात असे, आणि व्हेलच्या तेलाने मऊ केल्यास तो यंत्रावर कातता येतो हे तेथे 1830 च्या दशकात सिद्ध झाल्यावर धान्य, पीठ व इतर माल तागाच्या स्वस्त पोत्यांतून जगभर फिरू लागला. पुढे 1855 मध्ये कलकत्त्याजवळ रिश्रा येथेही ताग गिरणी निघाली. हीच रिकामी पोती मेन, नोव्हा स्कॉशिया आणि न्यूफाउंडलंडच्या घरांत गालिच्याचा पाया बनली. गालिच्यांच्या इतिहासात या कोळ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या बायकांबरोबर बंगालच्या ताग पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे नाव घेतले जात नाही, ही उणीव भरून काढण्याजोगी आहे.

न्यूफाउंडलंडमध्ये मासेमारी थांबलेल्या हिवाळ्यात हे काम चाले. तेथील कोळी व्यापाऱ्यांच्या उधारीत अडकलेले असत आणि रोख पैसा त्यांच्या हाती फारसा येत नसे. 1892 मध्ये तेथे आलेले इंग्रज डॉक्टर विल्फ्रेड ग्रेनफेल यांना रोगाइतकेच हे दारिद्र्य जाणवले. 1906 मध्ये जेसी लूथर या अमेरिकी शिक्षिकेने त्यांच्या वैद्यकीय मिशनमध्ये हस्तकलांचे काम सुरू केले, आणि स्त्रियांच्या अंगी असलेल्या या कसबाला बाहेरची बाजारपेठ मिळाली. कुत्र्यांच्या घसरगाड्या, ध्रुवीय अस्वले, उडती बदके अशी स्थानिक चित्रे इतक्या बारीक फाश्यांनी भरली जात की ती दुरून रंगवलेली वाटत. पुढे त्यांसाठी दान म्हणून आलेले रेशमी पायमोजेही रंगवून वापरण्यात आले. लोकरी सुताचे वैभव मात्र नोव्हा स्कॉशियातील शेटिकँप या फ्रेंचभाषक गावात दिसते. तेथे लिलियन बर्क या अमेरिकी कलावतीने 1920 च्या दशकाच्या अखेरीस चिंध्यांऐवजी सूत आणि सौम्य रंग रूढ केले, आणि त्याच गावच्या एलिझाबेथ लेफोर्ट यांनी याच तंत्राने राष्ट्रप्रमुखांची व्यक्तिचित्रे घडवली. या उद्योगांत आराखडे आणि भाव बाहेरचे लोक ठरवीत आणि करणारीचे नाव गालिच्यावर सहसा नसे, हेही नोंदवले पाहिजे. मिळकत खरी होती, पण श्रेय असमान होते.

महाराष्ट्राला यांपैकी नमद्याची कला परकी नाही. दख्खनी मेंढीच्या काळ्या, भरड लोकरीची घोंगडी सर्वांना माहीत आहे; तीच लोकर पिंजून, ओली करून, लाटून केलेले जेन हे जाड अंथरूण तितके माहीत नाही. दख्खनी लोकर गिरण्यांच्या मऊ सुताला उपयोगी नाही, म्हणून ती अनेक ठिकाणी कातरल्यावर टाकून दिली जाते, आणि मांसासाठी अधिक वजनदार जातींशी संकर होत गेल्याने तिचा मूळ पोतही बदलतो आहे. घोंगडीपुढची मोठी अडचण सुताची आहे, कारण चरख्यावर भरड लोकर कातणाऱ्या स्त्रिया झपाट्याने कमी होत आहेत. जेनाला सूत लागतच नाही. त्याला पिंजलेली लोकर, गरम पाणी, साबण आणि पट लाटणारे दोन-तीन जोड हात पुरतात. टाकून दिली जाणारी दख्खनी लोकर पुन्हा उपयोगात आणायची असेल, तर प्रशिक्षणाचा आणि खरेदीचा पहिला पैसा जेनावर खर्च होणे अधिक योग्य ठरेल.