मोठं काय, बारीक काय?

दारव्ह्यात माझं छोटंसं दुकान आहे. पूर्वी तिथे ब्रश आणि रंगांचे डबे होते, आता कॉम्प्युटर आहे. दुकानांच्या पाट्या, हँडबिलं, फ्लेक्स आणि अलीकडे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या जाहिराती मी करून देतो. या धंद्यात शिकलेली एक गोष्ट आज आपल्याला सांगायची आहे. दुकानदारांना ती उपयोगी आहेच. पण शेतकऱ्यांच्या तर जिवाशी तिचा संबंध आहे.

काही वर्षांपूर्वी एका कृषी केंद्राचा फ्लेक्स केला. मालक म्हणाले, "भाऊ, जागा रिकामी सोडू नका. पैसे पूर्ण फ्लेक्सचे देतो." मग बियाणं, खतं, पंप, देवाचं चित्र, मालकांचा फोटो, दोन मोबाइल नंबर, सगळं त्यात कोंबलं. फ्लेक्स चौकात लागला. आठवड्यानं एका ओळखीच्या काकांना विचारलं, "काका, त्या फ्लेक्सवर काय आहे?" काका म्हणाले, "कोनाचा तरी वाढदिवस दिसते!"

काकांचं काही चुकलं नव्हतं. डोळा आधी सर्वांत मोठी वस्तू पकडतो, आणि तिथे मोठा होता तो फोटो. मोटारसायकलवरून जाणारा माणूस पाटीकडे दोन-तीन सेकंद पाहतो. तेवढ्यात एकच गोष्ट पोहोचते. ती कोणती, हे आपण आधी ठरवायचं. ती सर्वांत मोठी, दुसरी तिच्यापेक्षा लहान, बाकीच्या काढून टाकायच्या.

रिकामी जागाही फुकट जात नाही. कपाशीच्या दोन तासांत आपण अंतर ठेवतोच ना? अक्षरांचंही तसंच आहे. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. ओळी दाटल्या की ते एकमेकांत अडकतात. रंगांचंही तेच. पिवळ्यावर काळं लांबून वाचता येतं, निळ्यावर लाल डोळ्यांपुढे थरथरतं. आणि आता तर दहा फुटांचा फ्लेक्स तळहाताएवढ्या मोबाइलवर पाहिला जातो. तिथे गर्दी अजिबात चालत नाही.

आता हीच फूटपट्टी घेऊन कीटकनाशकाची बाटली हातात घ्या. सर्वांत मोठं काय? नाव. त्यानंतर चित्र. आणि धोक्याची खूण? कोपऱ्यावर उभा केलेला एक छोटा चौकोन. त्याचे दोन त्रिकोण असतात. वरच्यात इशारा, खालच्यात रंग. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे कमी विषारी. 1971 च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे ही खूण लेबलच्या दर्शनी भागाच्या किमान एक सोळांश जागेत असली की पुरतं. सिगारेटच्या पाकिटावर मात्र 2016 पासून दोन्ही बाजूंच्या 85 टक्के जागेत इशारा द्यावा लागतो.

आकाराइतकाच घोळ अर्थाचा आहे. कवटी आणि हाडं फक्त लाल गटावर असतात. पिवळ्यावर विष असा शब्द असतो. पण ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी तो नसल्यासारखाच. निळा रंग पिवळ्यापेक्षा सौम्य, हे कोणी कसं ओळखावं? आणि हिरवा म्हणजे तर सिग्नलवर 'जा', शेतात 'पीक चांगलं'. इथे हिरव्यातही विषच आहे. त्यातून आपण त्याला म्हणतो 'औषध'!

2017 च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. दोष एकट्या लेबलाचा नव्हता. कपाशी डोक्याइतकी वाढली होती, दोन-तीन विषं एकत्र मिसळली जात होती, अंगावर संरक्षणाचे कपडे नव्हते. पण धोका ओळखण्याची पहिली संधी ती बाटलीच देते. आणि त्या बाटलीवर नाव मोठं होतं, इशारा बारीक.

बाटलीवरचं लेबल मी बदलू शकत नाही. पण गेल्या काही हंगामांत कृषी केंद्राचं काम आलं, की मी एक पाटी सुचवतो. गल्ल्यामागे चार त्रिकोण हातभर मोठे, प्रत्येकाखाली दोन शब्द, बाकी जागा रिकामी. एक दुकानदार म्हणाले, "गिऱ्हाईक भिऊन जाईल." मी म्हटलं, "भाऊ, भिऊन हातमोजे घेतले, तर तेही तुमच्याकडूनच घेईल. आणि पुढच्या हंगामात दुकानात येईल."

ती पाटी लागली. बिल करताना ते आता बाटली फिरवून त्रिकोणावर बोट ठेवतात. ज्यांच्याकडे पाटी नाही, त्यांनी निदान बोट तरी ठेवावं. आणि शेतकरी बंधू-भगिनींनो, दुकानदार विसरला, तर आपण विचारा, "यावरचा त्रिकोण कोणत्या रंगाचा हाय?"

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)