हवे तेवढेच विंडोज

एटीएमला नोटा मोजून द्यायच्या असतात. त्याला विंडोजमधले पत्त्यांचे खेळ लागत नाहीत. अशा यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये ‘विंडोज एक्सपी एम्बेडेड’ आणले. त्यात एक्सपी प्रोफेशनलचे १०,०००हून अधिक सुटे घटक केले होते. अभियंता त्यासोबतच्या ‘टार्गेट डिझायनर’ या साधनात गरजेपुरते घटक निवडे. एखादा घटक दुसऱ्यावर अवलंबून असेल, तर तपासणीत ते लगेच दिसे.

‘एन्हान्स्ड राइट फिल्टर’ हा घटक तर फारच उपयोगी. तो डिस्कवर जाणारे लेखन रॅमकडे वळवी. त्यामुळे अचानक वीज गेली तरी यंत्र पुन्हा मूळ स्थितीत सुरू होई. घटक कमी, म्हणजे जागा कमी लागते आणि घुसखोरीला वावही कमी मिळतो. सुरक्षेची सुरुवात अशा काटेकोर निवडीपासूनच व्हायला हवी.