कळशी कुठल्या बाजूला झुकते?

या सदरात आज संकल्पचित्राकडे वळायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो, कारण एका वडिलांचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेववत नाही. मुलगी आठवीत, यंदा इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेला बसतेय. क्लासमध्ये तिच्याकडून 'पाणवठा', 'बाजार' आणि 'बसथांबा' अशी तीन चित्रं घोटून घेतली आहेत. विषय कोणताही येवो, त्यातलंच एखादं थोडं फिरवून काढायचं. वडील विचारतात, यात गैर काय? श्रेणी तर मिळते!

मिळते. दहावीला 'अ' श्रेणीचे ७, 'ब'चे ५ आणि 'क'चे ३ गुण वाढीव मिळतात, त्यासाठी धडपडणाऱ्या पालकांना मी नावं ठेवणार नाही. पण पेपर स्मरणचित्राचा आहे, आणि स्मरण मुलीचं हवं. इथे ते क्लासच्या सरांचं आहे.

घोटलेलं चित्र कळशीवरून ओळखू येतं. त्यातली बाई कमरेवर कळशी घेऊन खांबासारखी ताठ उभी असते. खरी भरलेली कळशी उजव्या कमरेवर आली की बाई डावीकडे झुकते, मोकळा हात अंगापासून दूर जातो. हे एकदा नीट पाहिलेलं मूल पुन्हा ताठ बाई काढत नाही.

पॅरिसमध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ नावाचे चित्रकलेचे शिक्षक होते. शिल्पकार रोदँ त्यांचाच विद्यार्थी. ते मुलांना लूव्र संग्रहालयात एखादं चित्र नुसतं पाहायला पाठवत आणि वर्गात परतल्यावर आठवून काढायला लावत. या पद्धतीवर त्यांनी १८४८ साली एक छोटं पुस्तकही लिहिलं. त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं: व्यायामाने जसं अंग कमावता येतं, तशी डोळ्यांची आठवणही कमावता येते.

आमच्या शाळेजवळ लूव्र नाही, हातपंप आहे. सहावीतल्या एका मुलाने पंपावरची आजी काढायला घेतली आणि पायांशी येऊन अडला. मी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी तो पंपाशी जाऊन उभा राहिला आणि धावत आला, "सर, आजी दांडा दाबते तेव्हा तिच्या टाचा उचलल्या जातात!" त्याच्या चित्रातले हात बेढब होते, डोकं मोठं झालं होतं. टाचा मात्र जमिनीपासून सुटलेल्या होत्या, आणि त्यामुळे त्या आजीचा सगळा जोर मला दिसला.

तेव्हा पत्रलेखकांना एवढंच सुचवतो. ती तीन चित्रं राहू द्यात, परीक्षेच्या तोंडावर मुलीचा धीर खचायला नको. पण रोज संध्याकाळी तिला दहा मिनिटं इस्त्रीवाल्याच्या टपरीसमोर उभी करा, कागद-पेन्सिल घरी ठेवून. परतल्यावर काढू द्यात. अडली तर सांगू नका, उद्या पुन्हा पाठवा. आणि इस्त्री दाबताना त्याचा दुसरा हात कुठे असतो, ते मला जरूर कळवा.